‘कृष्णाकाठ’ १९४६ लाच का थांबतं, आणि मामांना काय विचारायचं

प्रश्न : लालबागच्या एका तरुण वाचकाने विचारलं आहे. ‘माझे मामा मुंबई महापालिकेत नगरसेवक होते. १९८५ साली ते पहिल्यांदा निवडून आले. आता त्यांना आत्मचरित्र लिहायचं आहे आणि लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं आहे. यशवंतराव चव्हाणांच्या ‘कृष्णाकाठ’सारखं झालं पाहिजे, असं ते म्हणतात. मी ते पुस्तक वाचलं. आवडलं, पण ते १९४६ लाच संपतं. मुख्यमंत्रिपद नाही, संयुक्त महाराष्ट्र नाही, मुंबई तर नाहीच. मग त्याला एवढं मोठं का मानतात? पुढचं कुठे वाचायचं? आणि मामांना समोर बसवून नेमकं काय विचारू?’

उत्तर : मी अठ्ठावीस वर्षं दादरला शब्दांकनाचं आणि संपादनाचं काम करते. सार्वजनिक जीवनातली बरीच माणसं माझ्यासमोर बसून बोलली आहेत : कामगार पुढारी, आमदार, दोन नगरसेवक, सहकारातले काही जण. त्यांतल्या बहुतेकांनी पहिल्याच बैठकीत ‘कृष्णाकाठ’चं नाव काढलं. सगळ्यांना ते पुस्तक हवं असतं, पण ते कशामुळे तसं झालं हे फार थोड्यांच्या लक्षात आलेलं असतं. तुमचे तिन्ही प्रश्न मला एकाच प्रश्नासारखे वाटतात, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी पुस्तकाची अनुक्रमणिका पुन्हा उघडा. तीन भाग आहेत : जडणघडण, वैचारिक आंदोलन आणि निवड. देशाचं संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र अशी चारही खाती सांभाळलेला, शेवटी उपपंतप्रधान झालेला माणूस सत्तरीत आत्मचरित्र लिहायला बसतो, आणि त्यातल्या एका भागाला ‘निवड’ हे नाव देतो. ‘यश’, ‘वाटचाल’, ‘सेवा’ असलं काही तिथे नाही. निवड करायची म्हणजे समोर दोन वाटा हव्यात, आणि त्यातली एक सोडल्याची रुखरुखही हवी. राजकारणातली माणसं सहसा ही रुखरुख लिहीत नाहीत. सभेत ती सांगता येत नाही, मुलाखतीत सांगितली तर विरोधक धरून बसतात, आणि तीसचाळीस वर्षं न सांगून सांगून स्वतःलाही ती आठवेनाशी होते. यशवंतरावांनी ती लिहिली, हे माझ्या मते या पुस्तकाचं मोठेपण.

सुरुवातीचा भाग तुम्ही वाचला आहे, तो भराभर सांगते. १२ मार्च १९१३, देवराष्ट्रे, आजोळचं घर. बाळंतपण अवघड झालं तेव्हा आजीने सागरोबाला साकडं घातलं, त्याने यश दिलं म्हणून मुलाचं नाव यशवंत. वडील कऱ्हाडच्या कोर्टात बेलिफ होते, ते लवकर गेले. आई विठाबाई निरक्षर होती, पण दिवस वाईट आले की ओवी म्हणायची : बाळांनो, डगमगू नका, चंद्रसूर्यावर आलेला ढगही सरतो. शाळेतली एक गोष्ट तर पोस्टरवर छापून छापून गुळगुळीत झाली आहे. मोठेपणी कोण होणार, असं गुरुजींनी विचारलं तेव्हा बाकीच्या मुलांनी थोरामोठ्यांची नावं लिहिली आणि याने ‘मी यशवंतराव चव्हाण होणार’ असं लिहिलं. ही गोष्ट सगळ्यांना प्रिय आहे. मला मात्र ती पुस्तकातली सर्वांत मोलाची जागा वाटत नाही. तिथे मुलाला सगळं ठाऊक आहे. खरं लेखन सुरू होतं ते त्याला काहीच ठाऊक नसतं तिथून.

१९२९ साली लाहोरच्या तुरुंगात क्रांतिकारक यतींद्रनाथ दास त्रेसष्ट दिवस उपोषण करून गेले. कऱ्हाडात सोळा वर्षांचा एक मुलगा ती बातमी वाचून रडला. आपला त्यांचा संबंध काय आणि आपल्याला एवढं का लागलं, हे त्याला तेव्हा सांगता आलं नसतं. सत्तरीतला लेखक त्या मुलाच्या वतीने खुलासा देत बसत नाही. ते रडणं आहे तसं ठेवतो.

मग २६ जानेवारी १९३२. टिळक हायस्कूलच्या आवारात झेंडा लावला, अटक झाली, अठरा महिन्यांची शिक्षा झाली. कोठडीत आई भेटायला आली, बरोबर एक शिक्षक होते. मुलाने माफी मागितली तर सोडतील, असं शिक्षकांनी भल्या मनाने सुचवलं. विठाबाईंनी ते तिथल्या तिथे उडवून लावलं : माफी कसली मागायची? आणि मुलाला म्हणाल्या, तब्येतीला जप. या प्रसंगाची मांडणी बघा. मुलाचा निर्धार पक्का होता, घोषणा कोणत्या दिल्या, असं तिथे नाही. निर्णयाचं श्रेय आईकडे जातं. तिने उलट सांगितलं असतं तर आपण काय केलं असतं, ही शंका वाचकाच्या मनात राहते, आणि लेखक तिची समजूत घालायला येत नाही.

येरवड्याच्या तुरुंगात आचार्य भागवत आणि रावसाहेब पटवर्धन यांच्यासारखी माणसं भेटली. शाळा सुटलेल्या पोराला तिथे दुसरी शाळा मिळाली. त्यानंतरचा ‘वैचारिक आंदोलना’चा भाग अनेक वाचक कंटाळून चाळतात. तुम्ही तसं करू नका. गांधी, मार्क्स, मग मानवेंद्रनाथ रॉय आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. काही वर्षं यशवंतराव रॉयवादी होते. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि फॅसिझमविरुद्ध ब्रिटिशांच्या बाजूने उभं राहावं असं रॉय म्हणू लागले, तेव्हा वाटा फुटल्या. मंत्री होऊन गेलेला माणूस आपल्या तरुणपणच्या गटाबद्दल लिहितो तेव्हा दोनच प्रकार मी पाहिले आहेत : एक तर ‘ती पोरवयातली चूक होती’ म्हणून झटकून टाकणं, नाहीतर गटाचा उल्लेखच न करणं. इथे तिसरा प्रकार आहे. आपण तिथे का गेलो, काय मिळालं आणि का निघालो, हे गुरूंचा आदर जराही कमी न करता लिहिलं आहे. तर्कतीर्थांशी स्नेह तर शेवटपर्यंत राहिला. १९६० साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ झालं तेव्हा अध्यक्षपदी तेच होते, आणि विश्वकोशाचं काम वाईला त्यांच्याच हाताखाली उभं राहिलं. या मैत्रीची मुळं पुस्तकाच्या या मधल्या भागात आहेत.

आणि बेचाळीस. १९४१ मध्ये वकिलीची परीक्षा दिली, कऱ्हाडात वकिली सुरू केली, २ जून १९४२ ला फलटणच्या वेणूताईंशी लग्न झालं. दोन महिन्यांनी मुंबईत गवालिया टँकवर काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तिथे ते आले आणि परतले ते भूमिगत व्हायला. नव्या नवरीला पोलिसांनी पकडून तुरुंगात नेलं. थोरले भाऊ ज्ञानोबा याच धामधुमीच्या काळात गेले. पुढे वेणूताई फलटणला आजारी पडल्याचं कळलं आणि त्यांना बघायला गेले असताना यशवंतराव पकडले गेले. भूमिगत चळवळीच्या शिस्तीने पाहिलं तर ते जाणं चूकच. नवरा म्हणून न जाणंही चूक. इथे लेखक स्वतःला वीरही करत नाही आणि गुन्हेगारही. घरातल्यांनी आपल्या राजकारणाची काय किंमत मोजली याचा हिशेब तो मांडतो आणि बेरीज वाचकावर सोडतो. मी ही पानं माझ्याकडे आलेल्या किती जणांना वाचायला दिली असतील! निम्म्या जणांनी पुढच्या बैठकीत पहिल्यांदाच बायकोबद्दल बोलायला सुरुवात केली.

शेवटची निवड १९४६ ची. निवडणूक जिंकली, पण मंत्रिपदाऐवजी पार्लमेंटरी सेक्रेटरीचं पद पुढे आलं. ते घ्यावं, की कऱ्हाडात राहून वकिली करत कर्जात आणि आजारपणात अडकलेलं घर सावरावं? हा घोळ प्रामाणिकपणे लिहिला आहे, आणि कृष्णाकाठ सोडून मुंबईकडे निघण्याच्या उंबऱ्यावर पुस्तक थांबतं. तेव्हाची विधानसभा रीगल सिनेमासमोरच्या जुन्या काउन्सिल हॉलमध्ये भरायची, जिथे आता राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. त्या बाजूने जाताना मला हटकून त्या पुस्तकाचं शेवटचं पान आठवतं. त्याच्या पुढचं पान या इमारतीत सुरू व्हायचं होतं.

ते का झालं नाही, याचं साधं उत्तर तारखांमध्ये आहे. आत्मचरित्र तीन खंडांत लिहायचा बेत होता : कृष्णेकाठचा पहिला, मुंबईच्या समुद्राकाठचा दुसरा आणि दिल्लीतला यमुनेकाठचा तिसरा. १ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. १९८४ च्या सुरुवातीला ‘कृष्णाकाठ’ आलं, आणि २५ नोव्हेंबर १९८४ ला यशवंतराव दिल्लीत गेले. पुढचे खंड राहून गेले.

यातून मराठी वाचकाचं नुकसान नेमकं काय झालं, ते बघा. पहिल्या खंडात प्रत्येक वळणावर दोन वाटा दाखवणारा हा लेखक. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड फाटा तर मुंबईत होता. १९५५-५६. मुंबईसह महाराष्ट्र मिळावा म्हणून लोक रस्त्यावर होते, फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालत होत्या, आणि यशवंतरावांनी संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरूंचं नेतृत्व मोठं मानलं. त्यासाठी त्यांनी टोकाची टीका सोसली. १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिकाचे, म्हणजे मराठी आणि गुजराती मुलखांच्या एकत्र मुंबई राज्याचे, मुख्यमंत्री झाले तेव्हा वय त्रेचाळीस. १९५७ च्या निवडणुकीत कऱ्हाडातून थोडक्या मतांनी निभावले. आणि १ मे १९६० ला त्याच माणसाच्या हातात मुंबईसह महाराष्ट्र आला. या साडेचार वर्षांत त्यांच्या मनात काय चाललं होतं? द्वैभाषिक चालणार नाही हे त्यांना कधी उमगलं, ते दिल्लीला समजावताना काय बोलले, आणि हुतात्म्यांची नावं वाचताना काय वाटलं? हे सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो खंड लिहिला गेला नाही. हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्या आपल्या शहरासाठी ही केवढी मोठी उणीव आहे! मला आजही तिचं वाईट वाटतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न : मग पुढचं कुठे वाचायचं. तुकड्यातुकड्यांनी वाचावं लागेल.

‘सह्याद्रीचे वारे’ हा १९६२ चा संग्रह, मुख्यमंत्रिपदाच्या काळातली भाषणं. ती भाषणंच आहेत, हे विसरून वाचू नका. पण त्यांतही एक फरक जाणवेल. जिथे समोर सगळा महाराष्ट्र आहे तिथे वाक्यं गोल होतात. जिथे कुणा एकाच्या प्रश्नाला उत्तर आहे तिथे ती नेमकी होतात. राज्य येण्याच्या आधी संपादक ग. त्र्यं. माडखोलकरांनी विचारलं होतं, हे राज्य मराठी होणार की मराठा? प्रश्न झोंबणारा होता. यशवंतरावांनी तो टाळला नाही, रागावलेही नाहीत. राज्य मराठी माणसांचं असेल, एका जातीचं नाही, हे त्यांनी सभेत उभं राहून सांगितलं. पुढे तसं झालं का, हा वाद आपण आजही घालतो. लेखनाच्या अंगाने मला त्यातलं एवढंच घ्यायचं आहे की विचारणारा समोर असला की त्यांची भाषा जमिनीवर येते.

‘ऋणानुबंध’ हे १९७५ चं पुस्तक माझ्या मते ‘कृष्णाकाठ’च्या खालोखाल. माणसं, गावं, प्रवास, आठवणी. यात मंत्री जवळजवळ दिसतच नाही. ज्यांचं देणं आहे अशा माणसांबद्दल लिहिताना त्यांचा हात मोकळा होतो. ‘युगांतर’ आणि ‘भूमिका’ ही विचार मांडणारी पुस्तकं आहेत. अभ्यासकाने ती वाचलीच पाहिजेत, पण मामांच्या कामासाठी ती बाजूला ठेवली तरी चालेल.

आणि ‘विदेशदर्शन’. परदेश दौऱ्यांतून वेणूताईंना लिहिलेली पत्रं, यशवंतरावांच्या मागे प्रसिद्ध झालेली. अर्थमंत्री किंवा परराष्ट्रमंत्री म्हणून गेलेला माणूस रात्री खोलीवर येतो आणि घरी लिहितो : आज काय पाहिलं, कोण भेटलं, मनात काय आलं. ही पत्रं छापण्यासाठी लिहिलेली नाहीत, म्हणूनच त्यांत सभा नाही. वाचणारी व्यक्ती एकच आहे, आणि तिला हा माणूस आतून-बाहेरून ठाऊक आहे. तिच्यापुढे मोठेपणा मिरवण्याची सोयच नव्हती. न लिहिलेल्या यमुनाकाठची सावली पाहायची तर इथे. माझं तर असं मत झालं आहे की यशवंतराव लेखक म्हणून जिथे जिथे उजळतात तिथे त्यांच्यासमोर एकच माणूस असतो : आई, वेणूताई, गुरू किंवा नेमका प्रश्न विचारणारा एखादा संपादक.

संयुक्त महाराष्ट्राच्या काळासाठी दुसऱ्या बाजूचं वाचणं भाग आहे. एस. एम. जोशी संयुक्त महाराष्ट्र समितीचे नेते, त्यांचं ‘मी एस. एम.’ घ्या. लालजी पेंडशांचं ‘महाराष्ट्राचे महामंथन’ घ्या, चळवळीचा तपशील त्यात आहे. ही पुस्तकं विकत मिळाली नाहीत तर दादर पूर्वेला नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे, लालबागहून तुम्हाला चालत जाण्यासारखा. तिथे एक दिवस काढा आणि त्या वर्षांची वर्तमानपत्रंही मागून बघा. एकाच दिवसाबद्दल दोन बाजूंनी काय छापलं हे शेजारी शेजारी ठेवून वाचलं की आत्मचरित्रात काय गळतं ते आपोआप दिसायला लागतं.

आणखी एक फाटा राहून जातो, तो १९७५ चा. त्या वर्षी साहित्य संमेलन कऱ्हाडला झालं. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. देशात आणीबाणी होती, यशवंतराव त्याच सरकारात परराष्ट्रमंत्री होते, आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात वाचत बसणाऱ्या या विदुषीने तिथे उभं राहून लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली, जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. पुस्तकांवर जीव असलेला, लेखकांशी मैत्री जपणारा यजमान आणि मंत्रिमंडळातला सदस्य, हे दोघे एकाच खुर्चीत बसले होते. यशवंतरावांबद्दल माझ्या मनात खूप आदर आहे, पण त्या दिवसांबद्दल त्यांनी मोकळेपणाने लिहायला हवं होतं असं मला वाटतं. ‘कृष्णाकाठ’ लिहिणाऱ्या हातात ती ताकद होती, म्हणूनच ही अपेक्षा.

आता मामांकडे येऊ.

माझ्या कामात जी चूक मी केली ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी गिरणगावातल्या एका निवृत्त कामगार पुढाऱ्यांचं शब्दांकन मी करत होते. बोलणं अस्सल, परळचं. मी ते सगळं प्रमाण भाषेत नीट बसवलं, क्रियापदं सरळ केली, शिव्या काढल्या, ‘च्या मारी’ काढलं. पुस्तक छापून झालं. प्रकाशनानंतर त्यांच्या पत्नी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘बाई, पुस्तक चांगलं झालंय. पण ह्यात हे कुठे बोलतायत?’ मला उत्तर देता आलं नाही. आजही माझ्या कपाटात त्या कॅसेट आहेत, आणि पुस्तकापेक्षा त्या कितीतरी सरस आहेत. तेव्हा मामांची भाषा मोडू नका. यशवंतरावांचं मराठी शुद्ध आणि संथ आहे कारण ते तसेच बोलत. ‘कृष्णाकाठसारखं’ याचा अर्थ मामांच्या तोंडी कऱ्हाडचं वळण घालणं असा लावू नका.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. ‘तुम्ही काय काय केलंत?’ असं विचारलंत की कार्यअहवाल मिळेल : इतके नळ, इतकी शौचालयं, अमुक रस्त्याचं काँक्रीट, तमुक चौकाचं नामकरण. हे सगळं खरं असतं, तरी कुणी वाचत नाही. एका माजी नगरसेवकांच्या बैठकीतलं उदाहरण देते. ते म्हणाले, ‘आमच्या चाळीला पाण्याची नवी लाइन मी आणली.’ मी विचारलं, लाइन कुणाच्या चाळीला आधी द्यायची हे कसं ठरवलंत? ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘एकाच वेळी दोन चाळींची कामं होणार नव्हती. एक आमची, एक पलीकडची, तिथे मला मतं पडली नव्हती. आमच्याकडे पाणी पहाटे साडेतीनला यायचं, आई हंडे रांगेत लावून नळापाशीच झोपायची. पलीकडे तर तेही येत नव्हतं. मी आमची चाळ आधी घेतली.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘पलीकडच्यांना दीड वर्ष थांबावं लागलं. तिथली एक म्हातारी मला बघून रोज पदर तोंडाला लावायची.’ पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण त्या एका प्रश्नातून निघालं. त्यांना ते छापू द्यायला मात्र तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत मी एकदाही आग्रह केला नाही. तो निर्णय त्यांचाच असायला हवा होता.

म्हणून मामांना काय केलं ते विचारण्याआधी कशाकशात अडकलात ते विचारा. तिकीट मिळालं तेव्हा कुणाचं कापलं गेलं, आणि तो माणूस पुढे भेटला का? १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. तुमच्या घरातलं कोण त्यात होतं? संपाबद्दल मामांचं मत तेव्हा काय होतं, घरात काय बोलत आणि बाहेर काय बोलत? लालबागमधून १९८५ ला निवडून आलेल्या माणसाच्या पुस्तकात संप तीन ओळींत आटोपला तर वाचक पुस्तक मिटून ठेवेल. १९९२-९३ च्या दंगलीत प्रभागात काय घडलं, रात्री फोन कुणाचे आले आणि कुणाचे उचलले नाहीत, हेही विचारा. पण पहिल्या महिन्यात नको. माणूस सैल व्हायला वेळ लागतो.

मामींना वेगळं बसवा. हे मी फार कळकळीने सांगते. पहाटेपासून दाराशी बसलेली माणसं, त्यांचा चहा, अर्ज, मुलांच्या परीक्षेत वाजणाऱ्या बेल, हे सगळं त्यांना आठवतं आणि मामांना आठवत नाही. वेणूताईंचा वाटा वगळून ‘कृष्णाकाठ’ वाचून पाहा, पुस्तक अर्धं उरेल.

तारखा मात्र तोंडावर विश्वासून छापू नका. निवडणुकीच्या सालापासून वारलेल्या माणसाच्या नावापर्यंत सगळं कागदाशी ताडून घ्या. मामांकडे कात्रणांची फाइल असेलच, पण फाइलमध्ये फक्त कौतुकाची कात्रणं असतात. टीकेची शोधायला पुन्हा ग्रंथालयच. शालश्रीफळाचे फोटो चारपेक्षा जास्त घालू नका, कितीही आग्रह झाला तरी. त्याऐवजी जुनं मतदार कार्ड, पहिल्या प्रचाराचं हँडबिल, चाळीच्या गॅलरीतला एखादा फोटो शोधा. हयात माणसांबद्दल काही कडू असेल तर मामांना दोनदा वाचून दाखवा, आणि कायद्याच्या जाणकाराला एकदा.

लिहिताना मामांना सांगा, हे पुस्तक प्रभागासाठी सांगू नका, एका माणसाला सांगा. तुम्ही त्यांचे भाचे आहात, समोर बसणार आहात, तर तुम्हालाच सांगू देत. ‘आम्ही कार्यकर्त्यांनी’ असं वाक्य सुरू झालं की थांबवा आणि विचारा, त्यात तुम्ही कुठे उभे होता? ‘आम्ही’ मधून ‘मी’ बाहेर काढणं, हे निम्मं काम आहे. बैठक दीड तासाच्या वर नेऊ नका. चहा आला म्हणून रेकॉर्डर बंद करू नका, सगळ्यात चांगलं बोलणं चहा आल्यावर होतं. रेकॉर्डिंग चालू आहे हे मात्र आधी सांगून ठेवा. आणि त्याच रात्री उतरवून काढा. आठवडा गेला की आवाजातला चढउतार तुमच्या कानातून गेलेला असतो, आणि कागदावर नुसती माहिती उरते.

जन्मापासून सुरू करायचा आग्रह मामा धरतील. नाही म्हणू नका, पण पहिली बैठक १९८५ च्या त्या दिवसाची ठेवा, ज्या दिवशी ते सीएसएमटीसमोरच्या पालिकेच्या इमारतीत पहिल्यांदा सभागृहात गेले. तेव्हा ते स्टेशन व्हीटी होतं. घरातून किती वाजता निघाले, अंगात कुणी शिवलेला शर्ट होता, लालबागहून बस धरली की कुणी गाडीत घेतलं, जिना चढताना बरोबर कोण होतं, आणि आत गेल्यावर कुठली खुर्ची आपली हे कुणाला विचारलं, एवढंच बोलायला सांगा. संध्याकाळी घरी परत आल्यावर पहिला प्रश्न कुणी विचारला, तेही.